घड्याळजींची पापणी

आमच्या जिन्याखालच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत बसतात त्या गृहस्थांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं की हा माणूस माझ्यावर रागावलाय. खरं तर तोवर मी काहीच केलेलं नव्हतं. आम्ही नवीन राहायला आलो होतो, टेम्पोतून कपाट उतरत होतं, आणि हे आपल्या बाकावरून माझ्याकडे बघतायत ते बघतायतच. पापणी म्हणून हलेना. मी वर जाऊन नवऱ्याला म्हटलं, "खाली एक माणूस बसलाय, त्याच्या डोळ्यांना झाकणच नाही."

त्याला आता वीस वर्षं झाली. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला बातमीदार म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

पापणीचं कारण मला पुढे कळलं. घड्याळाच्या पोटात बॅलन्सचं चाक कसं बसवतात, ते त्यांनी एकदा मला भिंगातून दाखवलं. केसासारख्या आसाची दोन टोकं, आणि ती तिळाहून लहान अशा दोन खळग्यांत एकाच वेळी बसली पाहिजेत. त्या क्षणी श्वास रोखायचा आणि डोळा मिटू द्यायचा नाही. ज्या म्हातारबुवांच्या हाताखाली भावजी हे शिकले, त्यांचं म्हणणं असं, की पापणी हलली की हातही हलतो. आणि शिकाऊ पोराची पापणी हलली की म्हातारबुवा त्याच्या कानाच्या पाळीला चिमटा घ्यायचे, तोही बोटांनी नव्हे, कामाच्या चिमट्याने. अशी चार वर्षं काढल्यावर कोणाचीही पापणी शहाणी होईल.

पण भावजींची जरा जास्तच शहाणी झाली. काम नसतानाही ती हलेना. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हे नुसते बघत राहायचे, आणि गिऱ्हाईक आपोआप गप्प व्हायचं. मी एकदा त्यांच्याशी पैज लावली, आधी डोळे कोण मिटतं याची. मी बावीस आकडे मोजेपर्यंत तग धरला. त्यानंतर त्यांनी एकाच्या घड्याळाचा पट्टा बदलला, दुसऱ्याला उद्या यायला सांगितलं, आणि मग मला विचारलं, "चालू आहे का अजून?"

बिल्डिंगमधल्या कुठल्याही समारंभाचा फोटो काढा. वीस माणसांत पाचांचे डोळे मिटलेले, दोघं अर्धवट, आणि मागच्या रांगेत भावजी, दोन्ही डोळे टक्क उघडे. फोटोवाला म्हणायचा, "त्यांच्याकडे बघून शिका जरा." भावजी हे फार मनावर घ्यायचे. संध्याकाळी डोळ्यांची आग व्हायची, वाळू गेल्यासारखं टोचायचं, पण त्याला ते 'कामाचा शेक' म्हणत आणि ओला रुमाल ठेवून पडून राहत.

वहिनी म्हणजे दुसरं टोक. त्या बालवर्गाच्या बाई होत्या, गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. मुलं पहिलीत गेली की दरवर्षी रडायच्या, आणि पहिलीचा वर्ग भिंतीपलीकडे होता. टीव्हीवर कोणी कोणाला भेटलं तर रडायच्या, चुकामूक झाली तरी रडायच्या. हसतानाही पदर डोळ्याला. भावजींचं ठरलेलं वाक्य होतं, "आमच्याकडे पाणी चोवीस तास. टाकी बांधावी लागली नाही."

"तुमच्याकडे नळच नाही," वहिनी म्हणायच्या, आणि तेवढ्यावरूनही त्यांना भरून यायचं.

आता या घरातली घड्याळं. भिंतीवर एक लंबकाचं, ते पाऊण तास मागे. स्वयंपाकघरात एक, ते पुढे, पण नक्की किती ते कोणालाच माहीत नाही. आणि कपाटात, मऊ कापडात गुंडाळलेलं, वहिनींच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ. वडील पोस्टमन होते, ते निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं. वहिनींच्या लग्नाच्या वर्षी ते त्यांच्याच हातून पडलं आणि आतला आस तुटला. नवा नवरा घड्याळजी, तेव्हा काळजी कसली? तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात करून देतो." या गोष्टीला एकतीस वर्षं झाली.

गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं नंतर, असं करता करता तसा आस मिळणंच बंद झालं. यंदा मात्र वहिनींना साठ वर्षं पूर्ण होणार म्हणून भावजींनी मनावर घेतलं. आस मिळत नाही तर स्वतःच घडवायचा, छोट्या लेथवर, पोलादाच्या तारेतून. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर चालू घड्याळ वहिनींच्या हातात ठेवायचं. हे गुपित राहावं म्हणून त्यांनी ते फक्त मला सांगितलं. माणसांची पारख नाही त्यांना.

पण गंमत बघा, मी खरंच कोणाला सांगितलं नाही. नवरा सोडून.

वाढदिवसाला तीन आठवडे होते. सोमवारी दुपारी मी जिना उतरत होते तेव्हा भावजी लेथवर वाकले होते. त्यांच्या बाकावर उघडं घड्याळ कधी दिसणार नाही. प्रत्येकावर काचेची छोटी घुमटी पालथी घातलेली, का, तर धुळीचा कण जाऊ नये. एकदा मी तिथे शिंकले तर महिनाभर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. आणि हाच माणूस स्वतःच्या डोळ्याला लावायचं भिंग काढून लेथशेजारी ठेवतो, उपडं, थेट पोलादाच्या किसात. चाळीस वर्षं त्याच जागी ठेवतोय. घड्याळाला घुमटी आहे, भिंगाला कोण घालणार?

त्या दिवशी भिंगाच्या कडेला कीस चिकटला, आणि भिंग उजव्या डोळ्यात बसवताना एक कण आत गेला.

तुमच्या-आमच्या डोळ्यात कण गेला तर काय होतं? आपण काही करायच्या आत पापणी मिटते, भसाभसा पाणी येतं, आणि कण कोपऱ्यातून बाहेर येतो. त्यात आपलं कर्तृत्व शून्य. पण भावजींच्या लेथवर त्या वेळी आसाचं दुसरं टोक होतं, शेवटचे दोन फेरे राहिले होते. डोळा मिटायला लागला, तो त्यांनी मिटू दिला नाही. पाणी येऊ पाहत होतं, ते भिंगाच्या आत येऊन काच धुरकट करेल म्हणून त्यांनी तेही आवरलं. कसं आवरलं ते त्यांनाच माहीत. आस पुरा केला, मग भिंग काढलं, डोळा चोळला, आणि वर जाऊन जेवले.

मंगळवारी डोळा लाल.

"वहिनींनी बघितलं का?" मी विचारलं.

"ती विचारेल काय करत होतात म्हणून. मग सगळंच बाहेर येईल. तुम्ही काहीतरी सुचवा."

आणि मी सुचवलं. इथून पुढे माझा भाग आहे, तेव्हा जरा घाईने सांगते. माझ्याकडे एक थेंबांची बाटली होती. भाचीच्या लग्नात फोटोत डोळे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घेतली होती. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत लाली गायब. मी ती धावत जाऊन आणली.

खरोखर पाच मिनिटांत डोळा मोत्यासारखा झाला. भावजींनी चकचकीत ताटलीत बघितलं आणि म्हणाले, "बातमीदार, तुम्ही डॉक्टर व्हायला हव्या होतात." मी म्हटलं, "ते सगळेच म्हणतात." कोणीच म्हणत नाही.

बुधवारी लाली परत आली, थेंब परत टाकले. गुरुवारी चार वेळा. शुक्रवारी भर दुपारी बारा वाजता मी भाजी घेऊन आले, तर खोलीचं शटर अर्धं खाली. आत अंधार, आणि अंधारात भावजी उजव्या डोळ्यावर हात धरून बसलेले.

"उजेड सहन होत नाही," ते म्हणाले. "आणि बुबुळावर पांढरं काहीतरी दिसतंय, बघा बरं."

मी बघितलं. मोहरीच्या टोकाएवढा ठिपका. मी भाजीची पिशवी तिथेच ठेवली आणि वहिनींना हाक मारली, अशी, की तिसऱ्या मजल्यावरची माणसं खाली आली.

वहिनींनी टॅक्सी बोलावली. मला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण ती दोघं येईपर्यंत मी आत बसलेली होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी भावजींच्या डोळ्याला नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवली, निळा दिवा सोडला, आणि बराच वेळ यंत्रातून बघत राहिल्या. यंत्राला बाजूने आणखी एक नळी होती, शिकाऊ डॉक्टरांसाठी.

"मी बघू का?" मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी 'इलाज नाही' अशी मान हलवली. मी नळीला डोळा लावला. निळ्या उजेडात बुबुळावर हिरवी ठिणगी चमकत होती, आणि तिच्याभोवती धुक्यासारखं काही.

"कण निघून गेलाय, पण हिरवं दिसतंय तिथे वरचा थर फाटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू तिथूनच शिरले. नाहीतर सहसा शिरता येत नाही. त्या थरातल्या पेशी एकमेकींना अशा चिकटून असतात की फट नसते. धुकं दिसतंय का? त्यात यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. जंतूंना खायला आल्यात."

"यांना कोणी बोलावलं?" भावजींनी विचारलं. हनुवटी यंत्रावर टेकलेली, त्यामुळे आवाज चेपलेला.

"जखमेतल्या पेशींनीच. इजा झाली की त्या रसायनं सोडतात, त्या वासावर या येतात म्हणा. कुठला जंतू, याआधी भेटलेला का, काही विचारत नाहीत. परका दिसला की गिळायचा. दुसरं एक संरक्षण असतं, ते जंतूची नीट ओळख करून घेतं, पण त्याला चार-आठ दिवस लागतात. तोवर किल्ला यांच्यावरच."

"म्हणजे न बोलावता, सगळ्यांच्या आधी, आणि चौकशी न करता घुसायचं," भावजी म्हणाले. "ओळखीचं वाटतंय."

वहिनी त्या अवस्थेतही हसल्या. मी न ऐकल्यासारखं केलं.

"पण त्यांचा एक दोष आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जोरात येतात, सांडलवंड करतात. जंतू मारायला जे सोडतात त्याने आपलंही थोडं जळतं. बुबुळावर डाग राहतो तो बऱ्याचदा त्यांच्या या धांदलीचा. म्हणून काम लवकर संपलेलं बरं. सोमवारचं झालं म्हणता, मग इतके दिवस लाली दिसली नाही?"

भावजींनी खिशातून माझी बाटली काढली.

"ही घालत होतो."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "लाली म्हणजे डोळ्यातल्या रक्तवाहिन्या रुंद झाल्या, मदत यावी म्हणून. याने त्या आवळतात. रोग तिथेच राहतो, खबर तेवढी दडते. कोणी दिली ही?"

"ओळखीतल्या एकीने," भावजी छताकडे बघत म्हणाले.

"उघडून किती दिवस झाले?"

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, मी त्यातली शेवटची ओळ वाचायला लागले.

"भाचीचं लग्न कधी झालं गं?" वहिनींनी मला सरळच विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग त्यांनी भावजींसमोर बसून घड्याळ लावलं आणि त्यांना नुसतं बसायला सांगितलं. एक मिनिट झालं. "तीनदा," त्या म्हणाल्या. "माणूस मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापणी मिटतो. तुम्ही तीनदा, आणि तीही अर्धी. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात जंतूंचं कवच फोडणारं द्रव्य असतं, त्यांचं खाणं पळवणारं असतं, वर तेलाचा पापुद्रा असतो. पण ते पसरायला पापणी फिरावी लागते. तुम्ही चाळीस वर्षं डोळा वाळत घातलाय. एरवी एवढासा कण काय करणार होता?" मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "तुमचे डोळे बघू." बघितले. "उत्तम. असेच राहू द्या."

मी सांगते, एकतीस वर्षांच्या संसारात वहिनींचा असा जाहीर सत्कार कधी झाला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे एकच नजर टाकली. आणि मग अर्थातच त्यांचे डोळे भरून आले.

"उजवा डोळा आहे ना कामाचा?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं.

"हो."

"ठिपका मधोमध नाही, पण मध्याला लागून आहे. आत पसरला तर डाग नजरेच्या वाटेत येईल. मोठं दिसेल, बारीक दिसणार नाही. दर तासाला हे थेंब, रात्री मलम, आणि भिंग बंद. रविवारी येऊन दाखवा. त्या दिवशी कळेल, आत सरकतोय की आकसतोय."

बारीक दिसणार नाही म्हणजे काय, हे जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. परतताना टॅक्सी एका सिग्नलला थांबली, तेव्हा भावजींनी डावा डोळा झाकून उजव्याने आपल्या बोटांची टोकं बघितली, आणि हात खाली ठेवला. मला त्या बाटलीवरून स्वतःचा इतका राग आला होता की मी घरापर्यंत एकही वाक्य बोलले नाही. नवऱ्याला नंतर हे खरं वाटलं नाही.

घरी आल्यावर पहिली अडचण अशी, की दर तासाला थेंब घालायचे तर तास कधी झाला हे सांगणारं घरात काही नाही. एक घड्याळ मागे, एक पुढे. खाली दुकानात साठ घड्याळं, ती सगळी दुरुस्तीला आलेली. शेवटी वहिनींनी माझा मोबाइल जप्त केला. "तुझ्या फोनचा गजर लाव. तेवढंच तुझ्या हातून बरं होईल," त्या म्हणाल्या. मी निमूट दिला.

दुसरी अडचण पापणीची. भावजींना ती मिटता येईना. म्हणजे मुद्दाम मिटायला गेले की दुकानाचं शटर पाडल्यासारखी खाली, आणि मग विसरून जायचे. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि अधूनमधून म्हणायचं, "पापणी."

"मिटली की आत्ता."

"ती मघाशी. पापणी."

"तुम्ही घरी नाही का जात?"

"जंतू संपले की जाईन. पापणी."

अर्ध्या तासात ते कंटाळले. उठले, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काढलं, टेबलावर घेतलं. वहिनी ओरडणार होत्या, पण मोठं घड्याळ, त्याला भिंग लागत नाही, आणि ते डाव्या डोळ्यानेच बघत होते. आतून कोळिष्टक काढलं, एका चाकाला तेल दिलं, लंबकाखालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. परत टांगलं, समोर खुर्ची ओढून बसले. लंबक एका बाजूला, लंबक दुसऱ्या बाजूला, चार ठोके झाले की पापणी. चार ठोके, पापणी. मिनिटाला बरोबर पंधरा.

"सांगायला माणूस लागला तर चुकतं," ते मला म्हणाले. "हे चुकत नाही."

अशा रीतीने त्या घरातलं एक घड्याळ बरोबर चालायला लागलं. वहिनी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. एकदा नवऱ्याकडे, एकदा लंबकाकडे.

शनिवारी मी कांदे घेऊन गेले. मनात म्हटलं, अश्रू इतके औषधी आहेत तर येऊ द्यात की चांगले वाटीभर. पण बाटलीचा अनुभव ताजा होता, म्हणून आधी नवऱ्याच्या मोबाइलवरून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, 'आधीच चिडलेल्या डोळ्याला आणखी चिडवायचं नाही' एवढं म्हणाल्या, आणि फोन ठेवला. कांदे मी परत नेले. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही वेळा कांद्याचीच भाजी झाली.

भावजी खुर्चीत बसून विचार करायचे. रिकामं बसायची सवय नाही, त्यामुळे त्यांचं डोकं डोळ्याचीच दुरुस्ती करत होतं. मला म्हणाले, "घड्याळाला मागचं झाकण असतं, तशी ती वरची कातडी. तेल असतं, तसे अश्रू. इथवर मला समजलं. पण घड्याळाच्या आत कचरा गेला तर घड्याळ स्वतःच माणसं पाठवून तो उचलत नाही ना. हे ज्याने बनवलं, त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं असतं तर उपाशी मेला असता."

"आणि डोळ्याच्या कोपऱ्यात सकाळी पिवळं साचतं ते?" मी विचारलं. हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारायचा राहून गेला होता.

"तेही विचारलं मी. काम करून मेलेल्या पेशी, जंतूंसकट." थोडं थांबून ते म्हणाले, "चाळीस वर्षं ते पुसून फेकत आलो. कोण होते ते विचारलं नाही."

चार ठोके झाले. पापणी मिटली.

रविवारी पुन्हा तीच खुर्ची, तीच नारिंगी पट्टी, तोच निळा दिवा. या वेळी डॉक्टरीणबाईंनीच नळी माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "बघा, तुम्ही नाहीतरी ऐकणार नाही." पण मी वहिनींना पुढे केलं. वहिनी बघायला वाकल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की त्यांना काही दिसेना. मग मीच बघितलं.

हिरवी ठिणगी निम्मी झाली होती. कडा नीट, धुकं विरळ.

"आकसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आत सरकलेला नाही. कडेच्या पेशी सरकत सरकत मधली जागा भरून काढतायत. थेंबांनी जंतू आवरले, बाकीचं काम तुमच्या डोळ्याने केलं. पापणी कशी जमवली?"

"लंबकावर," भावजी म्हणाले.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुढे त्या आपल्या इतर पेशंटांना तसं सांगतात की नाही माहीत नाही, मी मात्र सगळ्यांना सांगते.

पुढच्या दहा दिवसांत ठिपका भरून आला. एक धूसर खूण राहिली, मध्याच्या शेजारी, नजरेच्या वाटेबाहेर. भिंग लावायची परवानगी मिळाली तेव्हा वाढदिवसाला पाच दिवस होते. भावजींनी भिंग आधी उकळलेल्या पाण्याने धुतलं, पुसलं, आणि काम संपलं की त्यावर काचेची घुमटी घालायला लागले. घड्याळांच्या रांगेत आता एक घुमटी भिंगाची आहे. लेथ चालवताना चष्माही लावतात, मोठा, पाणबुड्यासारखा. मी त्याबद्दल काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण खरी भीती पुढेच होती. आस तयार होता, तो चाकात बसवून चाक घड्याळात बसवायचं होतं. पापणी हलली की हात हलतो, हे चाळीस वर्षांचं वाक्य. आणि पापणी तर आता चौथ्या ठोक्याला आपोआप मिटायला लागली होती, लंबक समोर नसला तरी. सवयीने सवयीला हटवलं होतं. भावजी चिमट्यात चाक धरायचे, खाली न्यायचे, पापणी मिटायची, आणि ते घाबरून चाक वर घ्यायचे. तीन दिवस हेच. मी जिन्यावरून बघत होते. तोंडाशी येणारी प्रत्येक गोष्ट गिळत होते, आणि ते मला सोपं जात नाही.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही म्हणून म्हटलं, "भावजी, पापणी मिटते तेव्हा हात हलतो का, बघितलंत का कधी?"

"म्हणजे?"

"म्हणजे म्हातारबुवा म्हणाले, तुम्ही मानलंत. हलतो का खरंच?"

ते माझ्याकडे बघत राहिले. चार ठोक्यांनी त्यांची पापणी मिटली. मग त्यांनी रिकामा चिमटा उचलला, त्याचं टोक कागदावरच्या एका टिंबावर धरलं, भिंग लावलं, आणि मुद्दाम पापणी मिटली. उघडली. टोक टिंबावरच. पुन्हा मिटली, पुन्हा तिथेच. दहा वेळा केलं असेल.

"हलत नाही," ते हळूच म्हणाले. आणि डाव्या हाताने त्यांनी आपल्या कानाची पाळी चोळली.

त्या संध्याकाळी चाक बसलं. बसवताना त्यांची पापणी दोनदा मिटली, मी मोजली.

वाढदिवसाला आम्ही बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं जमलो होतो. केक कापून झाला, आणि भावजींनी खिशातून ते मऊ कापड काढलं. वहिनींनी उघडलं. वडिलांचं घड्याळ, झाकण पुसलेलं, आत टिकटिक. सगळ्यांनी वहिनींसाठी रुमाल तयार ठेवले होते, मी तर दोन आणले होते. पण वहिनी रडल्याच नाहीत. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग भिंतीवरच्या लंबकाशी वेळ ताडून बघितली.

"अहो," त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं मागे आहे."

"पुढच्या आठवड्यात करून देतो," भावजी म्हणाले, आणि वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

एक रुमाल मात्र कामी आला. भावजींचा उजवा डोळा वाहत होता. "थेंबांमुळे होतं असं," ते मला म्हणाले. थेंब बंद होऊन पाच दिवस झाले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही, बाकीच्यांना सांगितलं.

मग फोटोवाल्याने आम्हाला ओळीने उभं केलं. तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे, लंबकाच्या घड्याळाच्या बरोबर खाली. सगळ्यांचे डोळे उघडे, माझेसुद्धा. वहिनींच्या हातात घड्याळ. आणि त्यांच्या शेजारी भावजी, मान ताठ, हसरा चेहरा, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. फोटोवाला म्हणाला, दुसरा काढू या. वहिनींनी काढू दिला नाही.